गंजिफेची वंशावळ

बंगळूरच्या मल्लेश्वरम या भागाला ज्या देवावरून नाव मिळाले, त्या काडु मल्लेश्वराच्या मंदिराशी १६६९ सालचा एक कन्नड शिलालेख निगडित आहे. ‘काडु’ म्हणजे रान. आज चहूबाजूंनी गजबजलेल्या वस्तीत उभे असलेले हे देवालय एके काळी मल्लपूर नावाच्या खेड्याच्या शिवारात, रानात होते. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला दान दिल्याची नोंद या लेखात आहे. दाता आहे एकोजी, अर्थात व्यंकोजीराजे भोसले. ते शहाजीराजे आणि तुकाबाई मोहिते यांचे पुत्र, छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. मंदिर व्यंकोजींनीच बांधले असे सांगण्याचा प्रघात आहे. शिलालेख बोलतो तो मात्र गावाच्या दानाविषयी. इतिहासात सांगणे आणि नोंद यांच्यातील हे अंतर नेहमीच राहते आणि वंशावळींच्या बाबतीत तर ते विशेष जपावे लागते.

वंशावळ हा मराठी इतिहासलेखनाचा एक जुना आणि आवडता प्रकार आहे. बखरी, करिने, कैफियती यांच्यात कोण कोणाचा पुत्र, कोणाची सोयरीक कोठे झाली, कोणते गाव कोणाच्या वाट्याला आले, याचा तपशील बारकाईने येतो. कारण उघड आहे. वतन टिकवायचे तर नाते सिद्ध करावे लागे. लढाया, तह, देवस्थाने आणि विवाह यांना या लेखनात स्थान मिळाले. खेळाला मात्र मिळाले नाही. राजा काय खेळत असे, तो खेळ कोणी घडविला, त्याची पाने कोणी रंगविली, हे वंशावळीच्या कक्षेबाहेरचे मानले गेले. म्हणूनच एखाद्या प्रसिद्ध राज्यकर्त्याच्या कुळातील व्यक्ती आधुनिक काळात खेळाची निर्माती म्हणून पुढे येते, तेव्हा त्याचे नवल वाटते. हे नवल खरे आहे. परंतु अशा नात्याने नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. मल्लेश्वरमच्या भूमीशी ज्या दोन राजकुळांचा संबंध आला, ती भोसले आणि वडियार ही कुळे या प्रश्नाच्या उत्तराकडे नेतात. उत्तराचा शेवटचा दुवा कोकणात, सावंतवाडीला सापडतो.

प्रथम भोसल्यांचा विचार करावा. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर जिंकले आणि ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. १६६४ साली शहाजीराजांच्या मृत्यूनंतर कर्नाटकातील ही जहागीर व्यंकोजींकडे आली. मल्लपूरचे दान त्यानंतर पाच वर्षांनी झाले. पुढे व्यंकोजींनी तंजावर हस्तगत केले आणि तेथे राज्य स्थापिले. बंगळूर इतक्या दुरून सांभाळणे कठीण झाले, तेव्हा ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार यांना तीन लाख रुपयांस देण्याची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात, १६८७ साली, मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि अखेरीस ते म्हैसूरकरांच्या हाती गेले. मल्लेश्वरमच्या जमिनीवरील भोसल्यांचा अधिकार असा अर्धशतकातच संपला. शिलालेख तेवढा मागे राहिला.

तंजावरच्या भोसल्यांनी मात्र आपले कूळ विसरू दिले नाही. दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात आपल्या घराण्याचा समग्र इतिहास मराठीत कोरविला. त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी सिद्ध केलेला हा लेख देशातील अतिदीर्घ शिलालेखांपैकी एक मानला जातो. हा वंशेतिहास कोरविणारे सरफोजी जन्माने राजपुत्र नव्हते. तुळजाजीराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतले होते. त्या दत्तकविधानाला आव्हान दिले गेले, सिंहासन काही काळ दुसऱ्याकडे गेले आणि १७९८ साली ते सरफोजींना परत मिळाले. पुढल्याच वर्षी कंपनी सरकारशी झालेल्या तहाने तंजावरचा कारभार त्यांच्या हातून गेला. राज्य नसलेल्या या राजाने आपले आयुष्य ग्रंथसंग्रहाला वाहिले. सरस्वती महालाचे आजचे वैभव त्यांच्या व्यासंगाचे फळ आहे. ज्याचे नाते रक्ताने नव्हे तर विधीने जुळले होते, त्यानेच कुळाची कथा दगडावर उतरविली. दत्तकाला वारसा आयता मिळत नाही, तो सिद्ध करावा लागतो, याची जाणीव या उद्योगामागे असावी असे म्हणण्यास जागा आहे.

सरफोजींसारखेच आयुष्य त्याच काळात म्हैसूरच्या एका राजाच्या वाट्याला आले होते. ते म्हणजे तिसरे कृष्णराज वडियार, ज्यांना म्हैसूरकर ‘मुम्मडि कृष्णराज’ म्हणून ओळखतात. १७९९ साली टिपू सुलतान पडल्यावर इंग्रजांनी पाच वर्षांच्या या बालकाला गादीवर बसविले. १८३१ साली कारभार नीट चालत नाही या सबबीवर तो काढून घेण्यात आला. त्यानंतर १८६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सदतीस वर्षे, ते राजे होते पण राज्य करीत नव्हते. या दीर्घ रिकामपणात त्यांनी जे उभे केले, त्यात खेळांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र संस्कृत कोशाचे नऊ भाग आहेत. त्यांपैकी शक्तिनिधी, विष्णुनिधी आणि शिवनिधी हे पहिले तीन भाग मुंबईच्या वेंकटेश्वर मुद्रणालयातून छापले गेले. शेवटच्या कौतुकनिधीत खेळांचे वर्णन आहे.

कृष्णराजांना केवळ खेळाचा षौक होता असे म्हणणे अपुरे ठरेल. ते खेळांचे रचनाकार होते. गंजिफेचे, म्हणजे हातांनी रंगविलेल्या पारंपरिक पत्त्यांचे, तेरा प्रकार त्यांनी वर्णिले. त्यांना ‘छाड’ असे नाव आहे. कुलदेवतेच्या नावाने रचलेल्या चामुंडेश्वरी छाडात ३२० पाने आहेत. प्रत्येकी वीस पानांचे सोळा रंग. बुद्धिबळाच्या पटावरील घोड्याच्या फेरीचा प्रश्नही त्यांनी हाताळला. घोड्याने आपल्या अडीच घरांच्या चालीने चौसष्ट घरांत प्रत्येकी एकदाच जावे, असा हा जुना प्रश्न. कृष्णराजांनी रेशमी वस्त्रावर छापविलेली १८५२ सालची फेरी याहून अवघड आहे. घोडा ज्या क्रमाने घरांत जातो, तो क्रमांक त्या त्या घरात लिहिला, तर प्रत्येक आडव्या आणि प्रत्येक उभ्या ओळीची बेरीज २६० येते. अशा प्रकारची फेरी विल्यम बेव्हर्ली याने इंग्लंडमध्ये १८४८ साली प्रसिद्ध केली होती. म्हणजे म्हैसूरचा राजा त्या काळात युरोपातील गणितप्रेमी मंडळींच्या बरोबरीने एकाच कोड्याशी झुंजत होता. दोन्ही कर्णांची बेरीजही २६० यावी अशी फेरी चौसष्ट घरांच्या पटावर शक्यच नाही, हे २००३ साली संगणकाने सर्व शक्यता तपासल्यावर निश्चित झाले. राजाच्या प्रश्नाला पूर्णविराम मिळण्यास दीडशे वर्षे लागली.

या खेळांच्या रचनेकडे इतिहासाचा विद्यार्थी कुतूहलाने पाहील. गंजिफेत प्रत्येक रंगाला एक राजा असतो आणि त्याच्या खालोखाल प्रधान. राजाच्या पानाला कोणी जिंकू शकत नाही. ज्याच्या प्रधानांची नेमणूकही परक्या सत्तेच्या मर्जीने होत असे, तो राजा कागदावर सोळा राजे आणि सोळा प्रधान मांडीत होता. यावरून त्याच्या मनाचा थांग लावू पाहणे धाडसाचे होईल. पण खेळाची निर्मिती आणि राजकीय पराभव या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात एकमेकींच्या शेजारी वसल्या होत्या, एवढे निश्चित.

कृष्णराजांना औरस वारस नव्हता. म्हणून १८६५ साली त्यांनी चामराजेंद्र यांना दत्तक घेतले. हे दत्तकविधान मान्य व्हावे म्हणून वृद्ध राजाने इंग्रजांशी चिकाटीने पत्रव्यवहार केला आणि १८६७ साली त्याला मान्यता मिळाली. १८८१ मध्ये चामराजेंद्रांना राज्य परत देण्यात आले. १८९४ च्या अखेरीस ते अकाली वारले आणि पुत्र अल्पवयीन असल्याने त्यांच्या पत्नी, महाराणी केंपनंजम्मण्णी वाणीविलास सन्निधान यांनी १८९५ ते १९०२ पर्यंत राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. १८९८ साली बंगळूरला प्लेगने गाठले. दाट वस्तीच्या जुन्या पेठेतून लोकांना मोकळ्या जागी नेण्याची निकड निर्माण झाली आणि शहराबाहेर आखलेल्या मल्लेश्वरमची वाढ झाली. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे क्रमांकित आडरस्ते, घरांमध्ये मोकळी जागा, ही त्याची रचना आजही ओळखू येते. ज्या महाराणींच्या कारभारात हा भाग वसला, त्या खेळांचे रचनाकार कृष्णराज यांच्या सूनबाई. मात्र दत्तकाच्या नात्याने. भोसल्यांनी दान दिलेल्या देवाभोवती वडियारांच्या राज्यात नगर वसले. मल्लेश्वरमच्या इतिहासातील दोन्ही राजकुळे अशी दत्तकाच्या धाग्यावर पुढे चाललेली दिसतात.

म्हैसूरच्या राजवाड्यात जी गंजिफा एवढी बहरली, ती मराठी मुलखालाही अनोळखी नव्हती. हा खेळ इराणी भूमीतून भारतात आला. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफेचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने. हिंदू परंपरेने तिला आपल्या देवकथांत बसवून घेतले आणि दशावतारी गंजिफा तयार झाली. विष्णूचे दहा अवतार हे तिचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. सगळी मिळून १२०. निम्म्या रंगांत दहाचे पान मोठे, उरलेल्या रंगांत एक्का मोठा. तिघांनी खेळायच्या या डावाची सुरुवात दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने करायची आणि रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने. परदेशातून आलेला खेळ घरचा झाला तो असा. त्याचे नाव तेच राहिले, कूळ मात्र नवे मिळाले. दत्तक मुलाच्या बाबतीतही याहून निराळे काय घडते?

मराठी परंपरेत खेळाला थोर पुरुषाच्या नावाशी जोडण्याची ओढही जुनी आहे. सापशिडीचे पूर्वरूप असलेला मोक्षपट ज्ञानदेवांच्या नावाने सांगितला जातो. पुण्याची शिडी आणि पापाचा साप यांतून मोक्षाच्या घरापर्यंत जाणारा हा पट लोकशिक्षणाचे साधन होता, हे त्या कथेमागचे तात्पर्य. ही श्रद्धा आहे आणि श्रद्धा म्हणून तिचे मोल आहे. तिच्यातून एक सामाजिक सवयही दिसते. खेळाला प्रतिष्ठा द्यायची तर त्याला मोठा पूर्वज द्यावा लागतो. ज्यांनी प्रत्यक्ष पट आखले आणि रंगविले त्यांची नावे कोणी विचारीत नाही.

सावंतवाडीची गंजिफा या सवयीची खरी कसोटी घेते. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या संस्थानात सावंत-भोसल्यांचे राज्य होते. शिवाजी महाराजांचा लखम सावंतांशी १६५९ साली तह झाला, पुढे संघर्षही झाला. शहाजीराजांचे भोसले आणि वाडीचे भोसले यांची आडनावे एक असली तरी राजकारणात ती दोन स्वतंत्र घराणी होती, आणि केवळ आडनावाच्या आधाराने मल्लेश्वरमचा शिलालेख वाडीच्या दरबाराला जोडणे योग्य होणार नाही. वाडीत गंजिफा रुजली ती तिसरे खेमसावंत यांच्या काळात, असे सांगितले जाते. १७५५ ते १८०३ अशी प्रदीर्घ कारकीर्द लाभलेल्या या राजाच्या दरबारी धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातून विद्वान ब्राह्मण येत आणि त्यांच्याबरोबर हा खेळ आला, अशी परंपरा आहे. स्थानिक चितारींनी तो उचलला. लाकडी खेळणी आणि लाखेचे रंगकाम यांत त्यांचा हात आधीच बसलेला होता. गावातील चितार आळीचे नाव त्यांच्याच व्यवसायावरून पडले.

तिसऱ्या खेमसावंतांचे नाते शिंद्यांशी होते. १७६३ साली त्यांचा विवाह जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी झाला. महादजी शिंदे हे जयाप्पांचे सावत्र बंधू. म्हणजे पानिपतानंतर उत्तर हिंदुस्थानात मराठी सत्ता पुन्हा उभारणाऱ्या महादजींची पुतणी सावंतवाडीच्या राजवाड्यात नांदत होती. या सोयरिकीमुळे दिल्लीच्या बादशहाकडून राजेबहादूर हा किताब मिळाला आणि त्यामुळे कोल्हापूरकरांशी वैरही जडले. पण १८०३ साली खेमसावंत निपुत्रिक वारले. पुढचा वारसा दत्तक आणि भाऊबंदांच्या शाखा यांतून, बऱ्याच कलहानंतर ठरला. म्हणून आधुनिक काळातील सावंतवाडीकर भोसल्यांना शिंद्यांच्या रक्ताचे वारस म्हणता येणार नाही. नाते आहे ते गादीचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील विलायती पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा मागे पडली. बावन्न पानांचा जोड कोणत्याही दुकानात मिळू लागला. गंजिफेचा संच मात्र हाताने करावा लागे. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवायचे, पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करायचा, गोल पाने कापायची, प्रत्येक पानावर बारीक कुंचल्याने चित्र काढायचे, शेवटी लाखेचा हात द्यायचा. आणि हे एकशेवीस वेळा. खेळणारे कमी झाले तसे करणारेही कमी झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडीतही ही विद्या जवळजवळ विझली होती. जुन्या पिढीतील पुंडलिक चितारी यांच्यासारख्या वृद्ध कारागिरापाशी ती उरली होती.

या टप्प्यावर राजघराणे पुन्हा पुढे येते, पण निराळ्या भूमिकेत. शिवरामराजे भोसले हे सावंतवाडीच्या गादीवरील शेवटचे संस्थानिक. संस्थाने विलीन झाल्यावर ते महाराष्ट्र विधानसभेवर निवडून गेले. त्यांच्या पत्नी सत्वशिलादेवी या बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या कन्या, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या पणती. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालयांचे जाळे, अस्पृश्यांसाठी शाळा, मल्लविद्येला आणि कलांना आश्रय, या कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सयाजीरावांच्या कुळातील स्त्रीने गंजिफेला नवे आयुष्य दिले, ही वंशावळीतली नवलाची गोष्ट खरीच. या दांपत्याने पुंडलिक चितारींकडून ही कला समजून घेतली, स्वतः कुंचला हाती धरला, आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा सुरू केली. स्थानिक तरुण चित्रकार तेथे शिकले. दरबाराच्या दालनात कारागीर ओळीने बसून पाने रंगवू लागले. १९९५ साली शिवरामराजे निवर्तल्यावर सत्वशिलादेवींनी हे काम पुढे चालविले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. एकविसाव्या शतकात म्हैसूरच्या आणि सावंतवाडीच्या, दोन्ही गंजिफांना भौगोलिक संकेतनामाचे संरक्षण मिळाले.

सत्वशिलादेवींचे हे कार्य सयाजीरावांच्या रक्तातून आले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु सयाजीरावांचे स्वतःचे चरित्रच या मोहाला आवर घालते. ते बडोद्याच्या राजवाड्यात जन्मले नव्हते. नाशिकजवळच्या कवळाणे गावातील शेतकरी कुटुंबातील गोपाळराव हा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि त्याचा सयाजीराव झाला. कूळ दूरच्या भाऊबंदकीचे होते. पण जे राज्यकर्तेपण पुढे प्रकट झाले, ते शिक्षकांनी, वाचनाने आणि जबाबदारीने घडविलेले होते. सरफोजी, चामराजेंद्र, सयाजीराव, या तिघांनाही गादी मिळाली ती दत्तकाने. आणि गंजिफाही इराणातून येऊन दशावतारांच्या घरी दत्तक गेलेली. रक्ताच्या रेषा शोधू जावे तर त्या ठिकठिकाणी तुटतात. शिक्षणाची आणि स्वीकाराची रेषा मात्र सलग राहते.

ही रेषा सावंतवाडीत कोणत्या दिशेने वाहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एरवी राजा देणारा आणि कारागीर घेणारा. येथे ज्ञान चितारींकडून राजघराण्याकडे गेले. राजाने जागा दिली, मागणी निर्माण केली, नावाची प्रतिष्ठा दिली. हात आणि दृष्टी वृद्ध चित्रकाराची होती. गुरुशिष्यांचे नाते हेही एक प्रकारचे दत्तकविधानच असते. या अर्थाने राजदांपत्य चितारींच्या परंपरेत दत्तक गेले, असे म्हटल्यास ते अधिक यथार्थ होईल. म्हैसूरकडेही असेच घडले. कृष्णराजांच्या रचना कोशात आणि संग्रहात राहिल्या. त्या पद्धतीच्या चित्रणाला पुढे ज्यांनी नवे जीवन दिले त्यांत श्रीरंगपट्टणचे रघुपती भट हे प्रमुख. ते राजकुळातले नव्हेत. गंजिफा हाच त्यांच्या नावाचा भाग झाला आहे.

मोठ्या नावाच्या सावलीत खरा निर्माता दिसेनासा होणे, ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत लिझी मॅगी या स्त्रीने जमीनदारीचे दोष दाखविण्यासाठी एक पटखेळ रचला आणि १९०४ साली त्याचे एकस्व मिळविले. तिचे वडील जेम्स मॅगी हे वृत्तपत्रकार. १८५८ साली अब्राहम लिंकन सभा गाजवीत फिरत होते, तेव्हा ते त्यांच्यासोबत होते. या खेळातूनच पुढे ‘मोनोपॉली’ आला. पण जगाने त्याचा जनक मानला तो चार्ल्स डॅरो याला. मॅगीच्या एकस्वाबद्दल १९३५ साली तिला अवघे पाचशे डॉलर मिळाले आणि तिचे श्रेय १९७० च्या दशकातील न्यायालयीन वादातून पुन्हा उजेडात आले. लिंकनशी वडिलांचा असलेला परिचय तिच्या श्रेयाचे रक्षण करू शकला नाही. संगणकीय खेळांच्या आरंभकाळातही हेच घडले. अटारी कंपनी आपल्या खेळांवर रचनाकारांची नावे छापीत नसे. तेव्हा १९८० च्या सुमारास आलेल्या ‘ॲडव्हेंचर’ या खेळात वॉरन रॉबिनेट याने एक गुप्त दालन योजले आणि तेथे स्वतःचे नाव लिहून ठेवले. खेळणाऱ्याने ते शोधून काढावे, एवढीच त्याची अपेक्षा.

आज बंगळूर हे संगणकीय खेळ घडविणाऱ्यांचेही शहर आहे. त्या खेळांच्या अखेरीस चित्रकार, संगीतकार, आज्ञावली लिहिणारे, चाचणी घेणारे अशा अनेकांची नामावली पडद्यावरून सरकते. गंजिफेच्या एकशेवीस पानांवर मात्र चितारीची सही नसे. संच ओळखला जाई तो संस्थानाच्या नावाने. संकेतनामाच्या नोंदीतही प्रदेश येतो. हात येत नाही. जुन्या संग्रहांतील संचांपुढे पाट्या लावताना कोणत्या राजाच्या काळातला, हे लिहिले जाते. कोणाच्या कुंचल्याचा, हे लिहिले जात नाही.

म्हणूनच राजकुळ आणि खेळनिर्माते यांच्यातील नाती शोधताना एक खूण मनाशी बाळगणे आवश्यक आहे. व्यंकोजींचे दान, सरफोजींचा कोरीव वंशेतिहास, कृष्णराजांचे छाड, महादजींची पुतणी, सयाजीरावांची पणती, हे सारे धागे खरे आहेत आणि ते नोंदविले पाहिजेत. खेळाला आसरा कोठून मिळाला, हे त्यांच्यावरून कळते. खेळ जिवंत कसा राहिला, हे कळण्यासाठी दुसरी वंशावळ लागते. तीत पिता-पुत्रांऐवजी शिकविणारा आणि शिकणारा यांची नावे असतील. मल्लेश्वरमच्या शिळेवर दात्याचे नाव आहे, देवाचे आहे, गावाचेही आहे. अक्षरे ज्याने खोदली त्याचे नाव पुसट झाले म्हणून त्याचा हात खोटा ठरत नाही. सावंतवाडीच्या बाबतीत पुंडलिक चितारी हे नाव तरी स्मरणात राहिले आहे. गंजिफेची वंशावळ लिहायची झाल्यास तिचा आरंभ त्या नावापासून करावा लागेल.